बाकी काही नाही

मराठी माणूस स्वतःचा पगार कोणाला सांगत नाही, मुलाचा पगार कोणी न विचारता सांगतो, आणि स्वतःचा आजार तर समोरचा ऐकत नसला तरी सांगतो. मुंबईहून सुटलेली डेक्कन क्वीन कर्जत सोडून घाट चढायला लागते तेव्हा समोरासमोर बसलेल्या दोन गृहस्थांना एकमेकांचं आडनावही माहीत नसतं. लोणावळा येईस्तोवर दोघांना एकमेकांचं क्रिएटिनिन पाठ झालेलं असतं. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला नुसतं 'नको' म्हणून भागत नाही. 'शुगर आहे हो. उपाशीपोटी एकशेऐंशी निघाली, जेवणानंतरची तर विचारूच नका,' एवढं सांगावं लागतं, आणि ते सांगून झालं की 'बरं, अर्धी वाढा' असंही म्हणावं लागतं. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींत ज्याला आजवर काहीच झालेलं नाही तो बाकाच्या कडेला बसतो. एका स्टेंटवाल्याला मधे जागा मिळते, दोन स्टेंटवाला अध्यक्ष असतो, आणि बायपासवाला बोलायला लागला की बाकीचे मोबाईल खिशात ठेवतात. शेवटी प्रत्येकाचं समारोपाचं वाक्य एकच. 'बीपी आहे, शुगर आहे, गुडघे गेलेत, थायरॉईडची गोळी चालू आहे. बाकी काही नाही.'

अशा या मोकळ्याढाकळ्या माणसाची वाचा एका कागदापुढे मात्र बसते. तो म्हणजे परदेश प्रवासाच्या विम्याचा प्रपोजल फॉर्म. त्यात एक प्रश्न असतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोग, पक्षाघात यांपैकी काही तुम्हाला आहे का, किंवा पूर्वी कधी होतं का? पुढे दोन चौकोन, 'होय' आणि 'नाही'. काका पेन उघडून काकूंकडे बघतात. काकू पंख्याकडे बघतात.

'शुगर तशी कंट्रोलमध्येच आहे,' काका म्हणतात. 'नाही'वर खूण.

'बीपी गोळी घेतली की नॉर्मल असतं.' नाही.

'अँजिओप्लास्टीला झाली की आता दहा वर्षं. त्यानंतर सिंहगड चढलोय मी!' नाही.

सकाळी बाकावर अध्यक्षस्थानी असलेला माणूस दुपारच्या चहापर्यंत कागदोपत्री पहिलवान झालेला असतो.

यात लबाडी असते असं मला वाटत नाही. आपली मूळ श्रद्धाच वेगळी आहे. आपल्या मते गोळी सुरू झाली की आजार मिटला. विमा कंपनीच्या मते गोळी सुरू झाली म्हणजे आजार सिद्ध झाला. या दोन मतांच्या मधे अटलांटिक महासागर आहे, आणि आपले ज्येष्ठ नागरिक दरवर्षी हजारोंनी तो ओलांडतात.

ते काही आल्प्सवर बर्फात घसरायला जात नाहीत. ते बाळंतपणाला जातात. न्यू जर्सीत नाहीतर बे एरियात लेकीला दिवस गेले की पहिले सहा महिने लेकीचे आईवडील आणि पुढचे सहा महिने जावयाचे आईवडील अशी पाळी लागते. अमेरिकेत पाहुणा म्हणून उतरलेल्याला साधारण सहा महिने राहू देतात, हा नियम करणाऱ्याच्या घरी बहुधा कोणीतरी मराठी बाळंतीण असावी. तिकीट मुलं काढतात, व्हिसाचा फॉर्म मुलं भरतात. बॅग काकू भरतात. तिच्यात डिंकाचे लाडू, हळीव, मेतकूट, गोडा मसाला, बाळाला झबली आणि सहा महिन्यांच्या गोळ्या. औषधांच्या दुकानदाराने त्या पट्ट्या रबरबँड लावून खोक्यात भरून दिलेल्या असतात आणि तो विचारतो, 'काका, दुकान काढताय का तिकडे?' तेवीस किलोंच्या बॅगेत ज्याची चार किलो औषधं आहेत, तोच हा 'नाही'वर खूण करणारा पहिलवान.

बरं, तो एकटा आहे का? आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख आहेत, आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. हा हिशेब विशीपासूनचा. साठीच्या पुढची मंडळी तेवढी वेगळी काढली तर ज्याला काहीच नाही असा माणूस शोधायला दिवसाढवळ्या कंदील लागेल. तरी फॉर्म लिहिलेला असतो तो अशाच माणसाला समोर ठेवून. जणू निरोगी पासष्टी हा नियम आहे आणि आपण सगळे मिळून अपवाद.

मग एजंट येतो. हा बहुधा ओळखीचा असतो. कोणाचा तरी भाचा, नाहीतर सोसायटीच्या गणपतीला वर्गणी देणारा. बिनसाखरेचा चहा घेता घेता तो मोबाईलवर एक तक्ता उघडतो. सत्तरीच्या आतले एका रांगेत, सत्तरी ओलांडलेले दुसऱ्या. काकांना सत्तरावं सरून एकाहत्तरावं लागायला थोडे दिवस उरलेले असले तर एजंट त्यांच्याकडे अशा करुणेने बघतो की काकूंना उगाच भरून येतं. सत्तरीनंतर हप्ता चढतो, काही योजना दार लावून घेतात, आणि काही ठिकाणी ईसीजी आणि रक्तलघवीचे रिपोर्ट मागतात. काकांना रिपोर्टची अडचण कधीच नसते. ते आतून फाईल आणतात. ती फाईल बघून एजंट दचकतो. 'काका, ही नका दाखवू,' तो म्हणतो. 'आणि शुगरचं लिहू नका. उगाच प्रीमियम वाढेल. कोणी लिहीत नाही.'

हे 'कोणी लिहीत नाही' आपल्याकडे फार चालतं. हेल्मेटपासून भाडेकरारापर्यंत बऱ्याच गोष्टी याच एका आधारावर उभ्या आहेत.

पॉलिसी हातात येते तेव्हा ती सोळा-सतरा पानांची असते आणि तिचं मन फार मोठं असतं. सामान उशिरा आलं तर पैसे. पासपोर्ट हरवला तर पैसे. विमान कोणी पळवून नेलं तर ओलीस असल्याचा रोजचा भत्ता. काही पॉलिसींत गोल्फ खेळताना एकाच फटक्यात चेंडू खळग्यात गेला तर आनंद साजरा करायलाही पैसे. म्हणजे सदाशिव पेठेतल्या निवृत्त हेडमास्तरांनी न्यू जर्सीत जाऊन तसा फटका मारला तर कंपनी आनंदात सहभागी होणार. त्याच हेडमास्तरांना नातवाला खांद्यावर घेऊन जिने चढताना चक्कर आली आणि ती साखरेमुळे आहे असं निघालं, की कंपनीचा चेहरा बदलतो. कारण पुढच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आधीपासूनच्या आजारामुळे उद्भवलेला खर्च वगळला आहे. काही योजना इथे थोडी दया दाखवतात. जिवावर बेतलं असेल तर रुग्ण स्थिर होईपर्यंतचा खर्च आम्ही देऊ, तोही अमुक मर्यादेपर्यंत. म्हणजे जीव वाचेपर्यंत कंपनी तुमच्याबरोबर आहे. वाचलात, की मग आपापलं बघा.

देशातल्या आरोग्य विम्यात नियामकाने २०२४ साली बरीच सवलत करून दिली. जुन्या आजारासाठी थांबायला लावायचं ते जास्तीत जास्त ३६ महिने, आणि सलग ६० महिने हप्ते भरले की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज जुनी दुखणी उकरून दावा नाकारायचा नाही. ही बातमी वाचून ज्येष्ठ नागरिक संघात पेढे वाटायचं घाटत होतं (अर्थात बिनसाखरेचे). पण परदेश प्रवासाच्या पॉलिसीला हे लागू नाही. आणि असतं तरी करता काय? लेकीला सातवा महिना लागलेला. ३६ महिने थांबायचं म्हटलं तर नातूच आजीआजोबांना भेटायला पुण्यात येईल, स्वतःच्या पायांनी.

न सांगितलेल्या दुखण्यांचा हा तंटा जुना आहे, आणि मजा म्हणजे त्याची सुरुवात एका किल्ल्यापासून होते. सुमात्रा बेटावर बेंकूलनला ईस्ट इंडिया कंपनीचा फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला होता. तिथल्या गव्हर्नराने, जॉर्ज कार्टरने, किल्ला परक्या शत्रूच्या हाती पडला तर भरपाई मिळावी म्हणून लंडनमध्ये विमा उतरवला. १७६० साली फ्रेंच आले आणि किल्ला घेऊन गेले. विमा उतरवून घेणारा म्हणाला, अहो, तुमच्या किल्ल्यात दारूगोळा पुरेसा नव्हता, युरोपियन शत्रूपुढे तो टिकणारा नव्हता, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि आम्हाला सांगितलं नाहीत. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी निकाल दिला. जे फक्त विमा घेणाऱ्यालाच माहीत आहे ते त्याने सांगितलंच पाहिजे, हे तत्त्व त्यांनी मांडलं. पण निकाल लागला गव्हर्नराच्या बाजूने. गव्हर्नर स्वतःच विमा उतरवतोय म्हणजे त्याला धास्ती आहे, हे विमा देणाऱ्याला कळायला हवं होतं, चौकशी करायला हवी होती, असं न्यायमूर्तींचं म्हणणं.

बाकावरच्या मंडळींना हा निकाल फार आवडावा. बुरूज ढासळलेला, तट पडका, दारूगोळा सादळलेला, तरी किल्लेदार जिंकला! फक्त एक फरक पडलाय. कार्टरला कोणी फॉर्म दिला नव्हता. आता कंपनी विचारते, एकेका बुरुजाचं नाव घेऊन विचारते, आणि आपण पेनाने खूण करून, खाली सही ठोकून सांगतो की किल्ला नवा कोरा आहे.

आता अमेरिकेचं बघू. तिथल्या दवाखान्यांच्या दरांबद्दल आपल्याकडे बऱ्याच दंतकथा आहेत, पण या विषयात दंतकथा खऱ्यापेक्षा स्वस्त पडतात. अमेरिकन सरकारच आपल्या नागरिकांना विमा घ्या म्हणून समजावताना सांगतं की तीन दिवसांच्या इस्पितळवासाला सरासरी ३०,००० डॉलरच्या आसपास लागतात आणि मोडलेला पाय ७,५०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. १९८६च्या कायद्याने इस्पितळाच्या इमर्जन्सीत आलेल्याला पैसे आहेत की नाहीत हे न बघता तपासून स्थिर करावं लागतं. हा कायदा ऐकून आपल्याकडचे काही जण खूश होतात. त्यात बिल माफ करण्याबद्दल काही नाही. ते मागून पोस्टाने येतं, आणि ज्याने ज्याने डोकावून पाहिलं त्या प्रत्येकाचं वेगळं येतं.

म्हणून मुलं म्हणतात, 'बाबा, तिकडचा नको, इथलाच व्हिजिटर इन्शुरन्स घेतो.' या तिथल्या पॉलिसींचं एक कलम आहे, जे लिहिणाऱ्याने मराठी माणूस आयुष्यात पाहिलेला नसणार. जुन्या आजाराचा 'अॅक्यूट ऑन्सेट' झाला तर खर्च मिळेल, असं त्यात म्हटलेलं असतं. म्हणजे झटका अचानक यायला हवा, आधी काही चाहूल लागलेली नको, आणि सर्वसाधारणपणे चोवीस तासांच्या आत उपचार घेतलेला हवा. शिवाय ठरावीक वयाच्या पुढे हे कलमच गळतं, किंवा रक्कम आक्रसते.

चोवीस तास! आपल्याकडे छातीत दुखू लागलं तर पहिले चोवीस तास ते गॅसेस असतात. आधी ओवा चावला जातो. मग हिंगाचं पाणी. मग 'काल रात्री छोले खाल्ले होते' यावर कुटुंबात चर्चा. मग शतपावली. नंतर पुण्यात फोन लावून फॅमिली डॉक्टरांना विचारायचं ठरतं, पण तिथे रात्रीचे अडीच वाजलेले असतात, म्हणून त्यांची झोप मोडायची नाही असं एकमताने ठरतं. 'इमर्जन्सीत जाऊ या' असं जावई म्हणतो तेव्हा काका म्हणतात, 'अरे, उगाच खर्च कशाला! एक ढेकर आली की मोकळं वाटेल.' ती ढेकर येईपर्यंत कलमातली मुदत टळते.

आणि चाहूल. कोणतीही घटना आपल्याला आधी कळलेली नव्हती हे कबूल करणं मराठी गृहिणीच्या स्वभावात नाही. इस्पितळात डॉक्टर विचारतात, हे कधीपासून होतंय? काकूंना उत्तर तयार असतं. 'मला आठ दिवसांपासून वाटतच होतं. ह्यांचा चेहरा उतरलेला दिसत होता. मी म्हटलंसुद्धा, नको तो बर्फ काढायला. पण ऐकतील तर शपथ!' आठ दिवस चाहूल. संपलं.

यात भर म्हणून तिथल्या इस्पितळात रुग्णाला इंग्रजी नीट येत नसेल तर फोनवर दुभाषी जोडून देतात. मराठीही मिळतो. दोन महिने लेक, जावई आणि न बोलणारं बाळ यांच्यात काढलेल्या काकूंना एकदम फोनवर कोल्हापूरचा हेल असलेला आवाज ऐकू येतो. 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' इथपासून सुरुवात होते, आणि मग जे 'नाही'च्या चौकोनात कोंडून ठेवलं होतं ते सगळं बाहेर येतं. बारा वर्षांची शुगर. अधूनमधून चुकणारी गोळी. ऐंशी-एक्याऐंशी साली काढलेलं अपेंडिक्स. सासरच्या बाजूचा हृदयविकार, ज्याबद्दल सांगताना काकूंचा स्वर किंचित चढतो. दुभाषी बिचारी इमानेइतबारे एकेक शब्द इंग्रजीत देते, नर्स टाईप करते, आणि तो दस्तऐवज प्रपोजल फॉर्मशेजारी ठेवून वाचायला कंपनीतला माणूस पगार घेत असतो. ते अपुरं पडलं तर तो पुण्याच्या डॉक्टरांची फाईल मागवतो. तिच्या प्रत्येक पानावर पहिली ओळ तीच असते. के/सी/ओ डीएम, एचटीएन. म्हणजे मधुमेह आणि रक्तदाबाचा माहीत असलेला रुग्ण. डॉक्टरांना माहीत, केमिस्टला माहीत, डेक्कन क्वीनच्या अख्ख्या डब्याला माहीत. फक्त ज्याला पैसे द्यायचेत त्याला सांगितलेलं नाही.

कॅनडाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे मुलांनी आईवडिलांना सुपर व्हिसावर बोलवायचं तर किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचं, वर्षभराचं विमा संरक्षण दाखवावं लागतं. जुना आजार घेऊ, पण तो 'स्टेबल' हवा, असं तिथल्या बऱ्याच पॉलिसी म्हणतात. प्रवासाआधी अमुक महिने त्यात बदल झालेला नको. इथपर्यंत रास्त वाटतं. पण बदल म्हणजे काय? गोळी वाढवली तर बदल, नवी दिली तर बदल, आणि पुष्कळ पॉलिसींत गोळी कमी केली तरी बदल. म्हणजे काकांनी वर्षभर भात सोडला, पहाटे उठून पर्वती चढली, वजन उतरवलं, आणि डॉक्टरांनी पाठ थोपटून दोनाची एक गोळी केली, की काका अस्थिर झाले. बरं वाटायला लागलं म्हणून विमा नाकारला जाण्याचा हा प्रकार ऐकल्यापासून आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी कॅनडाहून परत येईपर्यंत डॉक्टरांकडे जाणंच बंद केलं आहे. डॉक्टर उगाच काहीतरी चांगलं करून ठेवतील, अशी त्यांना भीती.

युरोपात गोष्ट सरळ. शेंगेन व्हिसा हवा तर ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण दाखवा. म्हणून तिकडे जाणारे विमा घेतात तो व्हिसाच्या खिडकीतल्या बाईला दाखवायला. वाचत कोणीच नाही. ब्रिटनमध्ये मात्र एक शहाणपणाचा नियम आहे. आजारामुळे कंपनीने विमा नाकारला किंवा हप्ता फार वाढवला, तर अशा आजारांचा विमा देणाऱ्या कंपन्यांची यादी कुठे मिळेल हे तिने ग्राहकाला दाखवून द्यायचं, असं २०२१ पासून तिथल्या नियामकाने घालून दिलंय. आपल्याकडे ही यादी बागेतल्या बाकावर तोंडपाठ असते. तिची अडचण एवढीच की ती पूर्णपणे दावा न केलेल्या लोकांनी तयार केलेली असते. 'मी दोनदा जाऊन आलो, अमुक कंपनी एकदम छान,' असं सांगणाऱ्याला दोन्ही वेळा साधी शिंकही आलेली नसते.

या सगळ्यात एक हकीकत मात्र मला प्रत्येक प्रपोजल फॉर्मला टाचून द्यावीशी वाटते. २००९ साली भारतातले एक गृहस्थ नात्यातल्या लग्नासाठी अमेरिकेला निघाले. सरकारी विमा कंपनीची ओव्हरसीज मेडिक्लेम पॉलिसी घेतली. घेण्याआधी वैद्यकीय तपासणी झाली, मधुमेह आहे हे कागदावर आलं. सॅन फ्रान्सिस्कोला विमानतळावरच त्यांना घाम फुटला, अशक्तपणा वाटू लागला. इस्पितळात नेलं, तीन स्टेंट घातले. लग्नाचं काय झालं ते निकालपत्रात नाही. कंपनीने दावा फेटाळला, का, तर कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेत होतात हे सांगितलं नाहीत. राष्ट्रीय ग्राहक आयोगातही ते हरले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने दिला. मधुमेह तुम्हाला माहीत होता, माहीत असून पॉलिसी दिलीत, आता त्याच कारणासाठी मागे फिरता येणार नाही. आणि मधुमेह्याला कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टर खबरदारी म्हणूनही देतात, ती म्हणजे वेगळा आजार लपवला असं होत नाही. बारा वर्षं लागली. पण ते जिंकले ते मधुमेह कागदावर होता म्हणून. तिथे 'नाही'वर खूण असती तर न्यायालयाला बोलायला जागाच उरली नसती.

तेव्हा माझं स्पष्ट मत असं की या एका फॉर्मपुरतं आपण रेल्वेच्या डब्यात वागतो तसं वागावं. सगळं सांगावं. ओघ सुटू द्यावा. साखर, दाब, गुडघे, थायरॉईड, बंद केलेल्या गोळ्यासुद्धा. फॉर्मवर जागा पुरली नाही तर वेगळा कागद जोडावा. मराठी माणसाला आजारपणावर पुरवणी लिहायचं जड जाऊ नये. हप्ता वाढेल. तो भरावा, डॉलरमधल्या बिलापुढे तो काहीच नाही. एखादी कंपनी नाही म्हणेल, दुसरी अमुक आजार वगळून देईल. निदान काय मिळणार नाही हे विमानात बसण्याआधी कळेल. जिवावर बेतलं तर जुन्या आजाराचं किती देणार, हे एजंटला तोंडी विचारू नये. तोंडी तो सगळंच देतो. ईमेलवर विचारावं, आणि उत्तराची प्रत व भरलेल्या फॉर्मची प्रत मुलाकडे ठेवावी. फॅमिली डॉक्टरांकडून एका पानावर आजार आणि गोळ्यांची मूळ औषधी नावं लिहून घ्यावीत, वाचता येईल अशा अक्षरात (हे सगळ्यात अवघड). छातीत दुखलं तर ओवा नंतर खावा, इमर्जन्सी आधी गाठावी.

इतकं करूनही भारतीय कंपनीने दावा अडवलाच, तर विमा लोकपाल आहेत. मुंबईत कार्यालय आहे, पुण्यातही आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, तिने नाकारलं की वर्षाच्या आत लोकपालांकडे जायचं. फी नाही, वकील चालत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा ते करू शकतात. वकील नाही म्हणजे आपलं गाऱ्हाणं आपणच मांडायचं. इतक्या वर्षांच्या बाकावरच्या सरावानंतर ही संधी आपल्यापैकी कोणी सोडेल असं मला वाटत नाही.

ता.क. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीतून तीन जोडपी निघतायत, सगळी सत्तरीला टेकलेली, चौघांना शुगर, पाचांना बीपी, एकांचे दोन स्टेंट. बाकी काही नाही. सगळं लिहून दिल्यावरही त्यांना घेणारी पॉलिसी वाचकांपैकी कोणाला ठाऊक असेल, आणि त्यांनी स्वतः तिच्यावर दावा करून पैसे घेतलेले असतील, तर जरूर कळवावं. 'आमच्या ओळखीचा एक एजंट आहे' असं कृपया कोणी कळवू नये.